गाडी मोडली, पण आकडा मोडू देऊ नका

कायदा आणि आपले घर



बंधू-भगिनींनो, रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आमचे एक छोटे कार्यालयच भरते. कुणाचे रेशनकार्ड असते, कुणाची पेन्शन अडलेली असते, कुणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो. अशाच एका रविवारी आमच्या वस्तीतील एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. मावशींनी नगरपालिकेत झाडूकामात उभी हयात घालवलेली. निवृत्तीनंतर फंडाचे जे पैसे आले, त्यातले काही मुलाला गाडीसाठी दिले. गाडी हौसेची नव्हती. काकांना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागे. रिक्षाने जाताना पेशंटचे हाल आणि पैशाचीही नासाडी. म्हणून २०२१ साली बँकेचे कर्ज काढून लहानशी नवी गाडी घेतली.

२०२३ च्या नोव्हेंबरात मुलगा व सून नाशिकहून परतत असताना कसारा घाटात मागून कंटेनरने धडक दिली. गाडी कठड्यावर जाऊन आदळली. माणसे वाचली, गाडी चेपून गेली. पोलिसांत नोंद झाली, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला आणि महिन्याभराने कंपनीचे पत्र आले. तेच पत्र मावशींनी माझ्यापुढे धरले.

"दादा, सुनेनं वाचलं. पण तिलाबी काय सुधरंना. कंपनीनं छापून पाठवलंय म्हणजे बरोबरच असंल ना?"

वाचकहो, आजचा हा लेख मावशींच्या या एका प्रश्नासाठी आहे. छापून आले म्हणजे बरोबर, असे समजून आपल्या समाजाने फार सोसले आहे. तथागतांनी केसपुत्त नगरीत कालामांना हेच समजावले होते की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा अधिकारी माणूस सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश विमा कंपनीच्या पत्रालाही लागू पडतो.

पत्रात काय होते?

गाडी "टोटल लॉस" धरली होती, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही असे कंपनीने मान्य केले होते. पुढचा हिशेब असा :

गाडीचा बाजारभाव : ३,३०,००० रुपये.
वजा मोडक्या गाडीची किंमत : ९०,००० रुपये.
वजा सक्तीची कपात : १,००० रुपये.
देय रक्कम : २,३९,००० रुपये. मोडकी गाडी मालकाने ठेवावी.

सोबत एक छापील कागद होता. त्यावर "फुल अँड फायनल" असे लिहून सहीसाठी जागा सोडलेली होती.

बँकेची बाकी होती २,८५,००० रुपये. म्हणजे कंपनीचे सगळे पैसे बँकेत भरले तरी ४६,००० रुपयांचे देणे उरत होते. मोडक्या गाडीला कंपनीने ९०,००० लावले. पण प्रत्यक्ष भंगारवाला ५५,००० च्या वर जायला तयार नव्हता. तो व्यवहार केला असता तर सगळे फेडून मावशींच्या घरात ९,००० रुपये राहिले असते. फंडाचा पैसा गेला, गाडी गेली आणि काकांची रिक्षा पुन्हा सुरू!

एका आकड्यात सगळे आहे

मी मावशींना विचारले, "पॉलिसीचा कागद कुठे आहे?" गठ्ठ्यात तळाशी सापडला. पहिल्याच पानावर एक रकाना असतो. त्याला आय.डी.व्ही. म्हणतात. म्हणजे विमा उतरवताना ठरलेली गाडीची किंमत. मावशींच्या पॉलिसीत तिथे ४,२०,००० रुपये छापलेले होते.

हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या. आपल्या देशात वाहन विम्याचे दरपत्रक २००२ साली ठरले, त्यात ही पद्धत आहे. गाडीची शोरूमची किंमत धरायची आणि पॉलिसी सुरू होताना गाडीचे जे वय असेल त्याप्रमाणे घट लावायची. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांवरील गाडीची किंमत कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची. मावशींची गाडी शोरूममध्ये ६,००,००० ची होती, तिला तिसरे वर्ष लागलेले. ३० टक्के वजा केले की ४,२०,००० उरतात. हिशेब चोख होता.

आता खरी मेख पहा. त्याच पॉलिसीच्या कलमांत लिहिलेले असते की, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर ही ठरलेली किंमतच बाजारभाव समजली जाईल, आणि पॉलिसीच्या मुदतीत त्यावर आणखी घट लावली जाणार नाही. म्हणजे अपघात पहिल्या महिन्यात होवो की अकराव्या, आकडा तोच. हप्ता घेताना कंपनीने ४,२०,००० वर हप्ता घेतला. मग पैसे देताना "बाजारात अशी गाडी ३,३०,००० ला मिळते" असे म्हणण्याचा तिला अधिकार राहत नाही. सौदा आधीच ठरला आहे.

टोटल लॉस कधी धरायचा याचेही माप त्याच कलमांत आहे. गाडी ओढून आणण्याचा व दुरुस्तीचा मिळून खर्च ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की ती गाडी टोटल लॉस. ४,२०,००० चे ७५ टक्के ३,१५,००० होतात. गॅरेजचा अंदाज ३,६८,००० होता. म्हणून त्या बाबतीत वाद नव्हता.

काही ठिकाणी उलटा प्रकार होतो. गॅरेजचा अंदाज ओढूनताणून ७५ टक्क्यांच्या आत बसवतात आणि दुरुस्तीच करून घ्या म्हणतात. दुरुस्तीच्या दाव्यात नव्या सुट्या भागांवर घट कापता येते. रबर, प्लास्टिक व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर काहीच नाही. ती कापाकापी मालकाच्या खिशातून जाते. पण लक्षात ठेवा, सुट्या भागांची ही घट दुरुस्तीसाठी आहे. टोटल लॉसमध्ये ती लावता येत नाही, कारण वयाची घट आय.डी.व्ही. काढतानाच लावून झालेली असते. एकाच गाडीला दोनदा म्हातारी ठरवायचे, हा न्याय नव्हे.

मोडक्या गाडीचा घोळ

दुसरी गोम मोडक्या गाडीच्या किमतीत होती. याला दोन सरळ मार्ग आहेत. एक, कंपनीने पूर्ण रक्कम द्यावी व मोडकी गाडी स्वतः न्यावी. दोन, मालकाने मोडकी गाडी ठेवावी व तिची किंमत कंपनीने वजा करावी. दुसरा मार्ग घ्यायचा तर वजा होणाऱ्या किमतीला खरोखर घेणारा कोण, त्याचे नाव व लेखी बोली कंपनीकडे मागा. "नव्वद हजाराला घेणारा आहे म्हणता, तर त्यालाच गाडी द्या आणि आम्हाला पूर्ण रक्कम द्या," एवढेच म्हणायचे. मावशींच्या सुनेने हे वाक्य लिहिले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

पहिल्या मार्गाने हिशेब काय होतो? ४,२०,००० वजा १,००० म्हणजे ४,१९,०००. ही १,००० रुपयांची कपात कायदेशीर आहे. १५०० सी.सी. पर्यंतच्या खाजगी मोटारीला ती लागतेच, तिच्यावर भांडू नये. बँकेचे २,८५,००० फेडून १,३४,००० हाती राहतात. कुठे ९,००० आणि कुठे १,३४,०००! फरक सव्वा लाखाचा. झाडूकामातल्या बाईने इतके पैसे साठवायला किती वर्षे घालवली असतील, ते आपणच मनाशी मोजा.

मग आम्ही काय केले?

पहिली गोष्ट, त्या "फुल अँड फायनल" कागदावर सही केली नाही. घरात पैशांची निकड असते, गॅरेजवाला रोजचे पार्किंग लावतो, बँकेचा हप्ता थांबत नाही. अशा वेळी सही करून मोकळे व्हावे असे वाटते. कंपनीलाही ते ठाऊक असते. दबावाखाली किंवा फसवून सही घेतली हे सिद्ध झाले, तर केवळ त्या सहीमुळे ग्राहकाचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले आहे. पण ते सिद्ध करणे आपल्यावर येते. म्हणून आधीच सावध राहिलेले बरे. वादात नसलेली रक्कम मिळत असेल, तर "उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारले" असे लिहूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागितली. ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. अहवालात "बाजारभाव" म्हणून ३,३०,००० होते, पण तो कशावरून काढला याची एक ओळ नव्हती. सर्व्हेअर परवानाधारक असतो, त्याचा मान राखावा. पण त्याचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अपघातग्रस्त वाहनाच्याच एका दाव्यात म्हटले आहे.

तिसरी गोष्ट, सुनेने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पानी पत्र लिहिले. त्यात रडगाणे नव्हते आणि शिवीगाळही नव्हती. मजकूर साधारण असा :

"आमच्या पॉलिसीत गाडीची ठरलेली किंमत ४,२०,००० रुपये आहे. टोटल लॉसच्या वेळी हीच किंमत बाजारभाव समजावी, असे आपल्याच पॉलिसीचे कलम सांगते. आपण गाडी टोटल लॉस मान्य केली आहे. तरी ३,३०,००० हा आकडा कोणत्या कलमाने घेतला ते लेखी कळवावे. मोडकी गाडी आम्हाला नको, ती आपण ताब्यात घ्यावी. सक्तीची कपात वजा जाता ४,१९,००० रुपये मंजूर करावेत. बँकेचा बोजा असल्याने बँकेची बाकी थेट बँकेला व उरलेली रक्कम आमच्या खात्यात जमा करावी."

पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले, पावती जपून ठेवली, ई-मेलही केला. मधल्या काळात बँकेचे हप्ते थकू दिले नाहीत. गाडी नाही तर हप्ता कशाला, असे म्हणून चालत नाही. बँकेचा करार वेगळा, विम्याचा वेगळा.

एक महिना उलटला, उत्तर आले नाही. मग आम्ही विमा लोकपालाकडे गेलो.

विमा लोकपाल म्हणजे गरिबाचे न्यायालय

पुष्कळांना हे दारच माहीत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना झाला व उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, की एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. २०१७ च्या नियमांनी हे कार्यालय चालते. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना तिथे वकील उभा करताच येत नाही. आपणच आपले म्हणणे मांडायचे. २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा लोकपालांना अधिकार आहे. मुंबई व पुणे येथे कार्यालये आहेत. लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, ३० दिवसांत पाळावा लागतो. आपल्याला तो पटला नाही, तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा असतो. मात्र ग्राहक आयोगात आधीच खटला घातला असेल, तर त्याच तक्रारीसाठी लोकपालाकडे जाता येत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम ठेवावा.

ग्राहक आयोगही आपल्या जिल्ह्यात असतो. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. भरलेला मोबदला, म्हणजे इथे विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. विमा नियामकाकडे तक्रार नोंदवायची असेल तर १५५२५५ हा फोन आहे आणि ग्राहक मदतीसाठी १९१५.

मावशींच्या सुनेने सुनावणीत तीनच कागद पुढे ठेवले : पॉलिसीचे पहिले पान, ते कलम आणि कंपनीचे पत्र. कंपनीच्या प्रतिनिधीला विचारणा झाली, तेव्हा त्याच्याकडे ३,३०,००० चा आधार नव्हता. कंपनीने तडजोडीस मान्यता दिली व ४,१९,००० रुपये दिले. मोडकी गाडी तीच घेऊन गेली. सगळ्याला सात महिने लागले. गॅरेजचे पार्किंग मात्र खिशातून गेले, तेही प्रामाणिकपणे सांगतो. उरलेल्या पैशांत जुनी गाडी घेतली आणि काका पुन्हा गाडीत बसून दवाखान्यात जाऊ लागले.

आपली बाजू स्वच्छ असावी

आता थोडे कडू बोलतो. हक्क मागायचा तर चौथे शील आधी सांभाळले पाहिजे. मागच्या वर्षी क्लेम घेतला असताना "नो क्लेम बोनस" लावून हप्ता कमी करून घ्यायचा, खाजगी गाडी म्हणून विमा उतरवून भाड्याने चालवायची, लायसन्स नसलेल्या पुतण्याच्या हाती किल्ली द्यायची. मग कंपनीने बोट ठेवले की रागावायचे, हे बरोबर नाही. खाजगी गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पूर्ण रकमेऐवजी ७५ टक्के देणे योग्य ठरवले होते. खोट्याने आपलाच पाय खोलात जातो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी आर.सी. बुक नावावर झाले म्हणून निश्चिंत होऊ नये. १४ दिवसांत कंपनीला कळवून विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. तसे केले नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मागताना पंचाईत होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दरवर्षी पॉलिसी नवी करताना एजंट म्हणतो, "काका, हप्ता दोन हजारांनी कमी करून देतो." पुष्कळदा तो आय.डी.व्ही.चा आकडा खाली ओढूनच कमी केलेला असतो. त्या दिवशी आपण खूश होतो. पण त्या कमी आकड्याला आपणच होकार दिलेला असतो, नंतर लोकपालही काही करू शकत नाही. म्हणून हप्ता किती ते मागाहून विचारा, आधी आय.डी.व्ही. किती ते विचारा. खरी लढाई अपघातानंतर नव्हे, त्या दिवशी असते.

सध्याचे वेळापत्रकही लिहून ठेवा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे अपघात कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. टोटल लॉस झालेली गाडी आर.टी.ओ.ला १४ दिवसांत कळवण्याचे कर्तव्य मात्र आपले आहे.

बंधू-भगिनींनो, बाबासाहेबांनी १९४७ साली "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" या निवेदनात विमा हा शासनाच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा असावा, अशी तरतूद मांडली होती. गरिबावर संकट कोसळले तर त्याला कुणापुढे हात पसरावा लागू नये, ही त्यामागची दृष्टी. पुढे १९५६ मध्ये आयुर्विम्याचे आणि १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९९९ च्या कायद्याने पुन्हा खाजगी कंपन्या आल्या. कंपनी सरकारी असो की खाजगी, विमा ही भीक नव्हे. आपण हप्ता भरून घेतलेला तो करार आहे.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटातली पॉलिसी काढा, स्कूटरची असो, रिक्षाची असो की मोटारीची. मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि आय.डी.व्ही.चा रकाना मोठ्याने वाचायला सांगा. तो आकडा डायरीत लिहा. उद्या कुणी दुसराच आकडा छापून पाठवला, तर आपल्याजवळ पहिला आकडा असेल.

मावशी आता विहारात कुणाचे विम्याचे कागद आले की मला बोलावत नाहीत. सुनेला पुढे करतात आणि म्हणतात, "आधी पहिलं पान बघ गं."

जय भीम!